ओमुरझाकच्या लेकीचा दस्ता

—ह्याला रायफल म्हणतेस तू? फोन जरा लांब धर, जवळचं दिसत नाही मला — हां, दिसलं. काळं प्लास्टिक, भोकाभोकांचा दस्ता, वर ही एवढी दुर्बीण, पुढं नळीला नळकांडं, खाली दोन पाय, पोटात दहा गोळ्यांचं मॅगझीन — एवढंच? कंदील नाही लावत वाटतं हे लोक? चहाची किटली अडकवायला हूक? कोण म्हणालं हे घे म्हणून — बिश्केकचा दुकानदार? त्यानं जन्मात ससा पाहिलाय का, ताटाबाहेरचा? अगं, दुकानदाराला विचारून रायफल घेणं म्हणजे लांडग्याला विचारून कुंपण घालणं. ठेव तो फोन खिशात. आणि तिथं नको बसूस, तिथं सरस सांडलंय, चिकटशील — इकडे, स्टुलावर. दार असू दे उघडं, रोगणाचा वास कोंडतो.

तू ओमुरझाकची ना? बुरुलचा, हेच ना नाव तुझं? विचारायलाच नको, नाक सांगतंय. एवढं नाक घेऊन खिंडीतून आलीस, वारा लागला असेल पहिला त्यालाच. हसू नकोस — बरं, नाहीच हसत. बापासारखीच आहेस, तोही विनोदाला हसायचा नाही, विनोद संपल्यावर अर्ध्या तासानं हसायचा. तर येगेरच्या जागेसाठी अर्ज केलायस म्हणे. डोंगराची राखणदारी! एक जागा, अर्ज अकरा, आणि आजपासून नवव्या दिवशी नारीनला नेमबाजी. आणि त्या अकरांत माझा मुलगा एल्चीबेक आहे, हेही ठाऊक असेल तुला. ठाऊक आहे? तरी आलीस? धीट आहेस. का दुसरा कुणी दस्ता बसवणारा राहिलाच नाही ह्या खोऱ्यात, म्हणून आलीस? — तेच. खरं बोलतेस, बरं आहे. आणि बापानं पाठवलं? तो म्हणाला, 'दुशेंबीकडे जा'? हं. म्हणणारच. बावळट आहे तो, पण माणूस ओळखतो.

आता ऐक, एकदाच सांगतो. लोक येतात माझ्याकडे — उस्ताके, टू-टू, बावीसची बारकी रायफल घ्यायची आहे, कागदावरही मारायचं आणि सशावरही मारायचं. एकच बायको स्वयंपाकालाही हवी आणि घोड्यांच्या शर्यतीलाही हवी! कागद पळत नाही. कागदासाठी जाड जड नळी बरी, ती एकदा ठेवली की हलत नाही. ससा पळतो, तितर उडतो, आणि त्यांच्यामागं तू चढणार दोन हजार पावलं, खांद्यावर साडेपाच किलो घेऊन — वर पोचशील तेव्हा तुझं काळीजच लगोऱ्या खेळत असेल, नेम कसला लागतो? म्हणून आपल्या डोंगराला मधली रायफल लागते. साधी. बोल्टची, एका वेळी एक गोळी. हो, एकच. दहा गोळ्या आहेत म्हटलं की माणूस पहिली निष्काळजीपणे मारतो, मग उरलेल्या नऊ पहिलीची माफी मागण्यात जातात. एक आहे म्हटलं की श्वास आपोआप थांबतो. आणि दुर्बिणीचं तर बोलूच नकोस, नारीनच्या परीक्षेत दुर्बीण चालत नाही, वाचलंस का अर्जाच्या मागं? पन्नास मीटर, नळीच्या टोकाची माशी आणि मागची खाच, बस, दहा झोपून, दहा उभ्यानं, मग उतारावर पत्र्याचे पाच मारमोट, खऱ्या डोंगरी घुशीएवढे. वाचलंस? मग दुर्बिणीचं चित्र कशाला आणलंस मला दाखवायला? — मी काय म्हणतो ते बघायला? वा. म्हणजे परीक्षा आधी माझी.

आणि ते बुरणुसात गुंडाळलेलं काय आहे? सोड. सोड, सोड, लाजतेस कशाला, पोर आहे का आत... अरे. ही ठेवली त्यानं अजून? मला वाटलं चुलीत घातली असेल. दे इकडे. माझंच काम आहे हे, दिसतंय ना — अक्रोडाचा दस्ता, आपल्या जलालाबादकडून आणवलेलं लाकूड, सहा वर्षं सुकवलेलं, बुंध्याजवळचं, म्हणून ह्या रेषा अशा वळल्यात. छत्तीस वर्षांत एक भेग नाही. आजकालची पोरं सहा आठवडे लाकूड सुकवतात आणि म्हणतात उस्ताके, चीर का गेली? चीर तुझ्या अकलेत गेलीय बाबा. बोल्ट काढ. काढता येतो? येतो. नळी दाराकडे धर, उजेडाकडे — हं. साफ आहे. तेल कोण देतं हिला? तू? बापानं तर हात लावला नसेल नारीनच्या त्या दिवसानंतर. नळी सोन्याची आहे पोरी, हिच्यापुढं तुझं ते फोनमधलं धूड कचरा आहे. ही घेऊन जा नारीनला. फक्त हिला कुठली गोळी रुचते ते बघ. हो, रुचते. प्रत्येक नळीची जीभ वेगळी. चार कंपन्यांच्या गोळ्या घे, प्रत्येकीच्या दहा-दहा मार, वारा नसताना, सकाळी. जिचे दहाचे दहा एका बोराएवढ्या जागेत बसतील ती तिची. सगळ्यात महागच रुचेल असं काही नाही. माझ्या मुलानं सगळ्यात महाग घेतली आणि आता वाऱ्याला शिव्या देतो.

उभी राहा. कोट घातलायस ना मेंढीचा? घातलायस, शहाणी. नाहीतर येतात सदऱ्यावर, मापं देतात, दस्ता बनवून नेतात, आणि डिसेंबरात कोट चढवला की दस्ता दोन बोटं लांब — खांद्याऐवजी काखेत! आणि मग उस्ताला नावं. माप नेहमी कोटावरून घ्यायचं, शिकार काय अंघोळ करताना करणार आहेस? कोपर वाक. हं... कोपरापासून बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत — बापापेक्षा तीन बोटं कमी. कापावा लागेल मागून. आणि चापही जड आहे, तो मी हलका करीन, पण उगाच केसासारखा नाही करणार, हातमोज्यातल्या बोटाला कळायला हवं आपण कुठं आहोत ते. मान वर. गालाचं हाड... ठीक.

आता हे धर. चामड्याचा तुकडा आहे, मधे भोक, बाकी काही जादू नाही. दोन्ही हातांनी धर, हात लांब, दोन्ही डोळे उघडे, आणि भोकातून तो भिंतीवरचा खिळा बघ. दिसला? आता तो तुकडा हळूहळू तोंडाकडे आण, खिळा सुटू देऊ नकोस... आण... आण... जवळ... 

हं.

ठीक आहे. उजवा डोळा. छान. काही नाही, नेहमीसारखंच. खाली ठेव तो तुकडा. — काय बघतेस? काय बघतेस माझ्याकडे? सांगितलं ना, उजवा. उजवा खांदा, उजवा डोळा, सगळं सरळ. आता दस्ता मागून तीन बोटं कापायचा, गालाचा उंचवटा आहे तसाच राहू दे, झालं. मंगळवारी ये. चहा घेणार? बायको घरात नाही, कालिपा बहिणीकडे गेलीय, चहा माझ्या हातचा प्यावा लागेल, मीठ जास्त पडतं माझ्याकडून. नको? बरं.

तुझ्या बापाला मी ओळखतो तो शेंबडा होता तेव्हापासून. एकाच कोल्होजच्या सामाईक शेतावरचे आम्ही, एकाच वर्षी सैन्यातून परत आलो, एकाच वसंतात. पुढं काही वर्षांनी अशीच एक जागा निघाली होती, येगेरचीच. तेव्हा सोव्हिएतांचं राज्य होतं, जागा निघाली की सगळं खोरं अर्ज करायचं — घोडा सरकारी, बूट सरकारी, दुर्बीण, कोट, आणि सगळ्यात मोठं म्हणजे कुणाच्या मेंढ्यांमागं फिरायचं नाही. तुझा बाप मेला मेंढ्यांतच. म्हणजे मेला नाही, जगला, पण तेच ते. किती झालं त्याला आता? त्रेसष्ट, माझ्याएवढाच. आणि अजून दुसऱ्यांची खिल्लारं वर नेतो उन्हाळ्यात! लोक काय म्हणतात ठाऊक आहे ना — 'ओमुरझाकनं नेम धरला की मारमोट बिळाबाहेर येऊन हसतात.' छत्तीस वर्षं म्हणतात. लग्नातसुद्धा म्हणतात, वधूपक्षाकडच्यांनासुद्धा पाठ आहे. आणि तो ऐकून घेतो! मी असतो तर दात पाडले असते एखाद्याचे. पण नाही — मान खाली, 'हात थरथरला रे माझा त्या दिवशी', बस. नाचता येईना अंगण वाकडं, असं बोलणारे हजार बघितले मी. नेम चुकला की रायफल वाईट, गोळी वाईट, दस्ता करणारा वाईट. ह्यानं कधी, एकदासुद्धा, कुणासमोर, रायफलीला नाव ठेवलं नाही. अशा माणसाचं काय करायचं सांग? कीव पण येत नाही, संताप येतो.

आणि माझं रत्न! एल्चीबेक! त्याचं ऐकलंस ना? दोन घोड्या विकल्या आणि ते तुझ्या फोनमधलं धूड घेऊन आला — तेच, काळं, भोकाभोकांचं. मी म्हटलं दुर्बीण चालणार नाही. म्हणाला, 'बाबा, काढता येते.' काढली. आता त्या रायफलीला माशी नाही, खाच नाही, मग त्या वेगळ्या आणून बसवल्या, त्या वाकड्या बसल्या, मग मी सरळ केल्या. आणि आरशासमोर उभा राहून नेम धरतो. आरशासमोर! छत्तीस वर्षांचा घोडा, दोन पोरांचा बाप. शंभरात ऐंशी पाडतो कधीकधी, हे मान्य, बाकीच्या नऊ जणांना पुरे आहे तेवढं. पण डोंगरात राहायचंय त्याला? नाही. त्याला गणवेश हवाय. येगेर म्हणून गावात फिरेल, कुणा चोरट्यानं रानबोकड मारला तर त्याच्याच घरी जाऊन जेवेल. मला ठाऊक नाही का, माझंच रक्त आहे. तरी बाप आहे मी. बापानं मुलाचं बघायचं नाही तर कुणाचं बघायचं? तुझ्या बापानं तुझं बघावं, मी माझ्याचं बघतो, ह्यात काय चुकलं? — मी कुठं म्हणालो चुकलं असं? तूच तर काही बोलत नाहीयेस मघापासून. नुसती बसलीयेस आणि माझं तोंड सुटलंय. खाई त्याला खवखवे म्हणतात लोक... कशाला म्हणतात कुणास ठाऊक.

काय? जरा मोठ्यानं बोल. 

पुन्हा विचार. काय विचारलंस?

'दोन्ही डोळे उघडे ठेवायचे ना, उस्ताके?'

हो. म्हणजे — हो, दोन्ही उघडे. तीच रीत आहे आपली. आपल्या जुन्या शिकाऱ्यांचं ठरलेलं आहे, एक डोळा मिटला तर अर्धा डोंगर गेला, डोळा मिचकावून मारणं हे बाजारात जत्रेतल्या फुग्यांना मारणाऱ्यांचं काम. परीक्षकसुद्धा जुने असतात, बघतात, हसतात. तेव्हा दोन्ही... दोन्ही उघडे ठेव आणि... 

तुला हा प्रश्न कुणी शिकवला? कुणी नाही? आपोआप आला? त्याच आवाजात? तुझ्या बापानं अगदी असाच विचारला होता. ह्याच खोलीत. तेव्हा हे धुराडं नव्हतं इथं, खिडकी तिकडे होती. तो तिथंच उभा होता तू उभी होतीस तिथं, हातात हाच दस्ता, मी नुकतं तेल पाजलेलं, त्याचे हात तेलकट झाले होते आणि तो ते सदऱ्याला न पुसता नुसता धरून उभा होता लाकूड खराब होईल म्हणून — आणि म्हणाला, 'दुशेंबी, दोन्ही डोळे उघडे ठेवू ना रे?'

बस खाली. बस. उठू नकोस अजून. 

तुला सांगतो तुझा बाप कसा मारायचा. तुला कुणी सांगितलं नसेल, कारण पाहणारे मेले, राहिलो मी एक. सोळा-सतरा वर्षांचा असताना कोल्होजच्या जुन्या रायफलीनं तो खडकावरचा तितर मारायचा, सत्तर पावलांवरून, डोक्यात. चुकायचा नाही. मी मोजले होते एकदा, चौदापैकी तेरा. मी? मी त्याच दिवशी सात. आणि मारायचा कसा — डावा डोळा गच्च मिटून, तोंड वाकडं करून. सगळे हसायचे, 'ओमुरझाक, दात दुखतोय का?' त्याला वाटायचं हसतात म्हणजे आपलंच चुकत असणार. त्याला नेहमीच वाटायचं आपलंच चुकत असणार. मग जागा निघाली. तो आला माझ्याकडे, म्हणाला, दस्ता बनव, तुझ्यासारखा हात कुणाचा नाही. मी माझाही अर्ज भरला होता, त्याला ठाऊक होतं, तरी आला. तुझ्यासारखाच. मी माप घेतलं. चामड्याचा तुकडा दिला हातात. तुकडा गेला डाव्या डोळ्यावर.

सरळ. शंकाच नाही. डावा डोळा मालक, उजवा चाकर. असतात अशी माणसं, शंभरात तीस असतात, त्यात काही पाप नाही, काही रोग नाही. उपाय दोनच — एक तर डाव्या खांद्याला लाव, नाहीतर तो डोळा मीट. तो आपोआप मिटत होता! अडाणी होता, पण त्याच्या डोळ्यानं स्वतःच उपाय शोधला होता. डाव्या खांद्याचं तर बोलायलाच नको, त्यानं डाव्या हातानं चमचा धरला तरी तुझा आजा बोटांवर मारायचा, पोराला उजवा करूनच सोडला त्यानं. तेव्हा राहिला एकच उपाय. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, 'सगळं ठीक आहे, उजवा डोळा आहे तुझा.' आणि म्हणालो, 'ते तोंड वाकडं करणं सोड आता, नारीनला मोठे लोक येणार आहेत, हसतील. पुरुषासारखे दोन्ही डोळे उघडे ठेव.' मित्र म्हणून सांगतो, म्हणालो.

झालं एवढंच. एवढंच झालं. मी काही नळी वाकवली नाही, दस्त्यात काही कमी ठेवलं नाही, असा दस्ता मी आयुष्यात पुन्हा केला नाही, बघ हात फिरवून. एक शब्द फक्त. दोन शब्द. तो नारीनला गेला आणि त्यानं दोन्ही डोळे उघडे ठेवले, माझं ऐकून, आणि त्याला दोन-दोन माशा दिसायला लागल्या, आणि तो खरी कुठली ते शोधत राहिला, घाम गाळत, वीस गोळ्या. एकसष्ट गुण. मी चौऱ्याऐंशी. येताना ट्रकमध्ये मागं बसलो होतो दोघं, तो म्हणाला, 'हात थरथरला रे.' मी म्हणालो, 'होतं असं.' होतं असं! 

एकतीस वर्षं येगेर होतो मी. एकतीस! जागा माझी नव्हती म्हणून वाईट राखली असंही नाही, चांगली राखली, चार चोरट्यांना पकडलं, एकाची गोळी बुटातून गेली माझ्या. पण तुला आपली रीत ठाऊक आहे ना — शिकार करून येणाऱ्याला वाटेत जो भेटेल आणि 'शिराल्गा!' म्हणेल, त्याला वाटा द्यायचाच. नाही म्हणता येत नाही. वैऱ्यालासुद्धा नाही. त्याच पहिल्या शरदात परवान्यावर बोकड मारला मी, सरकारी घोड्यावर टाकून उतरत होतो, आणि वळणावर तुझा बाप. मेंढ्या घेऊन. मला बघून असा खुलला — आणि हात वर करून ओरडला, 'शिराल्गा, दुशेंबी!' मी पुढचा पाय अख्खा कापून दिला. काय करणार? तो म्हणाला एवढं नको, मी म्हणालो घे. मग तिथंच वाटेवर, रक्ताळलेलं मांस काखेत धरून, दोन्ही तळवे उघडून आशीर्वाद दिला मला. काय म्हणाला असेल? 'डोळा असाच उघडा राहो तुझा, हात असाच स्थिर राहो.' ओमिन. तोंडावरून हात फिरवला. मलाही फिरवावा लागला. खोटं नाही सांगत, त्या दिवशी घरी गेलो आणि कालिपानं शिजवलेलं मांस ताटात तसंच सोडून उठलो, तिला म्हटलं बोकड म्हातारा होता.

रडत नाहीये मी, रोगण झोंबतंय. दार लावून घे — नको, असू दे.

तर हे बघ, बुरुलचा. मघाशी तुकडा तुझ्या डाव्या डोळ्यावर गेला. डाव्या. बापाचाच डोळा आहे. मी खोटं बोललो. का बोललो ते विचारू नकोस, ठाऊक आहे तुला, आरशासमोर उभा आहे तो घरी. आता ऐक, नऊ दिवस आहेत. एक तर तो डोळा मीट आणि हसणाऱ्यांना हसू दे. पण उभ्यानं दहा गोळ्या डोळा मिटून मारायच्या म्हणजे थकतो माणूस, तोंडाचे स्नायू ओढतात, शेवटच्या तीन जातात. खरा उपाय म्हणजे डावा खांदा. अवघड आहे, बोल्ट उजव्या बाजूला आहे हिचा, डाव्या खांद्यावरून मारताना हात वरून नेऊन ओढावा लागेल, सुरुवातीला माकडासारखं वाटेल, नऊ दिवसांत हात बसेल न बसेल सांगता येत नाही, पण रोज शंभर वेळा रिकामी — धर. धर ती, लाव खांद्याला, मी दाखवतो कोपर कुठं — 

...

पुन्हा कर.

पुन्हा.

हे आजचं नाही. हात वरून गेला आणि तू खाली बघितलंसुद्धा नाहीस. कोपर आपोआप आत. गाल... थांब, थांब, हलू नकोस — दस्त्याची उजवी बाजू दाखव. ही. माझा उंचवटा डावीकडे आहे, उजव्या बाजूला मी नुसता रंधा मारून सोडला होता, खरखरीत. आणि ही तर अशी गुळगुळीत झालीय. गालानं. वर्षानुवर्षं घासून. कुणी शिकवलं? 

बापानं. कधी? सात वर्षांची होतीस तेव्हा. म्हणजे सोळा वर्षं. कसं काय त्याला... भाकरीला भोक पाडून? गंमत म्हणून? तुझा तुकडा डाव्या डोळ्यावर गेला, मग त्यानं स्वतः बघितलं, त्याचाही गेला. मग? मग काही नाही? मेंढ्यांना मीठ घालायला गेला? 

सोळा वर्षं! सोळा वर्षं, सगळं ठाऊक असून, तो मला रस्त्यात भेटतो, दोन्ही हातांनी हात धरतो माझा, घोड्याची चौकशी, कालिपाच्या गुडघ्याची चौकशी, एल्चीच्या पोरांची नावं घेऊन चौकशी — आणि मी घरी येऊन हसतो त्याला, बावळट म्हणतो! आजसुद्धा म्हणालो, तुझ्या तोंडावर म्हणालो, आणि तू ऐकून घेतलंस. मग पाठवलं कशाला त्यानं तुला? अं? मी खरं सांगतो का ते बघायला? — तसं नाही म्हणाला? मग काय म्हणाला? जसं म्हणाला तसं सांग.

'दस्ता त्याच्याइतका चांगला कुणी करत नाही.' बस? पुढं? पुढं काहीच नाही?

आणि तो मघाचा प्रश्न — 'दोन्ही डोळे उघडे ठेवायचे ना' — तो त्यानं शिकवलेला नव्हता. तो तुझा होता. मी पुन्हा खोटं सांगतो का, तू बघत होतीस. हं. त्याला सांगणार आहेस? सांग. नको सांगूस. तुझं तू बघ.

काय करायचं आता? एल्ची हरेल, आणखी काय. हरू दे. गणवेश शिवून घेईल बाजारातून. कागदावर शंभरात तू किती पाडतेस? — खरं सांग. 

... ब्याण्णव.

मंगळवार-बिंगळवार नको. आत्ता करतो. डावीकडचा उंचवटा छिलून टाकायचा, उजवीकडे नवा बसवायचा, अक्रोड आहे माझ्याकडे त्याच बुंध्याचा, मागून तीन बोटं कापायचा, संध्याकाळच्या आत होईल. ठेवून जा, खाली गावात फिरून ये. — जाणार नाहीस? बस मग. करवत दे ती. हिला इथं शिकंज्यात धरायचं असतं, नळी मोकळी लागते... नळीवरचा हात काढ, पोरी, मला कापायचंय.

काढ ना.

नाही काढणार?

बरं. बरोबर आहे, माझ्यावर विसंबायचं नाहीच. असू दे, तसाच ठेव. मी कडेनं कापतो.